सृष्टीची साक्ष

निसर्ग हा कलावंताचा व गणितज्ञाचा आद्य गुरू होय, असे आपण सहज म्हणून जातो. विधान खोटे नाही; परंतु गुरूने न उच्चारलेले शब्द त्याच्या तोंडी घालणारा शिष्य गुरूचा गौरव करतो की अवमान, हा प्रश्न नीतीचा आहे, आणि भाविकाने तो टाळू नये.

अननस हाती घेऊन त्याच्या सालीवरील डोळ्यांच्या तिरप्या ओळी मोजाव्या. एका अंगाने बहुधा ८ भरतात, दुसऱ्या अंगाने १३. सूर्यफुलात प्रत्येक नवा दाणा मागच्याशी सुमारे १३७.५ अंशांचा कोन करून येतो. तेथे ३४ व ५५ ओळी वारंवार आढळतात. १, २, ३, ५, ८, १३ अशी ही माळ. प्रत्येक संख्या मागील दोहोंची बेरीज. युरोपात फिबोनाचीने १२०२ साली ती सशांच्या वंशवृद्धीच्या उदाहरणाने मांडली. आपल्याकडे मात्र विरहांकाला व कित्येक शतकांनंतर, ११५० च्या सुमारास, आचार्य हेमचंद्रांना ती लाभली ती फुलांत नव्हे, छंदांत! लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तर अमुक मात्रांचा चरण किती प्रकारे बांधता येईल? चरणाचा शेवट लघूने होईल किंवा गुरूने. म्हणून मागील दोन उत्तरे मिळवली की पुढचे मिळते. चार मात्रांचे ५ प्रकार, पाचांचे ८. कानाने मोजलेले पुढे डोळ्यांना वनस्पतीत दिसले. मग येथे गुरू कोण?

मोह आडवा येतो तो इथेच. अवघी सृष्टी याच एका प्रमाणावर रचलेली आहे, असे हर्षभराने सांगितले जाते. नॉटिलस या सागरी जीवाच्या शंखाचा वळसा सुवर्णप्रमाणाचा नमुना म्हणून छापतात. प्रत्यक्ष मोजला असता तो तसा भरत नाही. दूर कशाला? अंगणातील तुळस पाहावी. तिची पाने जोडीजोडीने येतात व प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोन करते. नित्य प्रदक्षिणा घालूनही हे किती जणांच्या ध्यानी आले असेल? सोयीची तेवढीच साक्ष पुढे करणे आम्हा वकिलांस एक वेळ क्षम्य ठरेल, कारण समोर दुसरा वकील उभा असतो. सृष्टीच्या बाबतीत उलटतपासणीही आपणच घ्यावी लागते.

कारण कळले की भक्ती ओसरते, असे काहींना भय वाटते. १९९२ साली दुआदी व कुदेर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तेलाच्या थरावर चुंबकीय द्रवाचे थेंब ठरावीक अंतराने सोडले. थेंब परस्परांस दूर लोटीत कडेकडे सरकले आणि सूर्यफुलातील तीच वळणे उमटली. तेथे ना जीव, ना बीज. नव्याने जिथे मोकळीक अधिक तिथे जावे, एवढाच नियम. यात ईश्वराची हानी कोणती, हे मला अद्याप कळलेले नाही. आपल्या अज्ञानाच्या भाडेपट्ट्यावर राहणारा देव आपल्या संतांनी कधी मानला नव्हता. तुळशीचा काटकोन तरी निराळे काय सांगतो? दोन पाने एकाच वेळी फुटली, तर पुढच्या जोडीला मोकळी जागा मधल्या फटींतच सापडते.