प्रतिकृती आणि प्रतिमा

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात, जे १९९८ पासून लोकांस खुले आहे, १:८७ या प्रमाणाची जी हुकमत चालते ती पत्करून कोणी थळघाटाच्या माथ्यावरचे, इगतपुरीचे एखादे कौलारू रेल्वेघर पुठ्ठ्यातून स्वहस्ते उभारू लागला, तर दोन मीटरांचे दार २३ मिलिमीटरांचे होते. परंतु सेंटिमीटरभर जाडीचे कौल जेमतेम ०.११ मिलिमीटरवर येते, आणि तितका पातळ कागद रंग लागताच सुरकुततो. मग कारागीर बेलाशक जाड कागद लावतो, आणि डोळ्यांस तेच खरे वाटते. उलट अस्सल काळ्या दगडाची कपची भिंतीस बसवावी, तर तिचा कण प्रमाणाबाहेर ठळक दिसून तीच खोटी ठरते. सत्याशी इमान राखण्यासाठी सत्याचे मोजमाप मोडावे लागते काय?

नाशकात गोदाकाठी पार्थिव लिंग घडविणारा उपासक हा प्रश्नच मनात आणीत नाही. त्याच्या मातीत ईश्वर येतो तो आवाहनाने, सादृश्याने नव्हे, आणि पूजा संपताच ती माती नदीत जाते. छांदिष्ट कारागिरास आवाहनाचा अधिकार नाही (आणि विसर्जनाची तर कल्पनाही सोसत नाही!), म्हणून त्याची सारी भिस्त तपशिलावर; पन्हाळीखालचा ओलीचा डाग रंगविताना तो जी दक्षता घेतो, ती मला भक्तीपेक्षा शपथेवर दिलेल्या जबानीच्या जवळची वाटते.