कुठले तुम्ही?

आज आपण मनानेच जुन्या नाशकात फिरणार आहोत. बसल्या जागी दोन-चार श्वास सावकाश घ्या. घाई असेल तर हे वाचन उद्यावर टाका. सोबत एक जुना नाशिककर आहे असं धरून चला. त्याचं नाव, वय काही ठरवू नका. गोदाकाठच्या एखाद्या वाड्यात तो लहानाचा मोठा झाला, एवढं पुरे. तो चालेल तेवढंच आपण चालायचं, आणि तो थांबला की थांबायचं.

पहिला थांबा रामकुंडावर. पहाटेची वेळ आहे. नाशिककर नदीला गंगाच म्हणतात. 'गंगेवर जाऊन येतो' असं सांगून घराबाहेर पडतात. काठावर कुणी दशक्रियेला बसलंय, कुणी नुसतीच बुडी मारून निघालंय. तुम्ही पायरीवर टेकता न टेकता एक गुरुजी विचारतात, 'कुठले तुम्ही? आडनाव काय?'

प्रश्न आगाऊ वाटेल. पण लगेच उत्तर देऊ नका, तो मनात राहू द्या. या गावातले सर्वांत जुने वाटाडे म्हणजे हे तीर्थोपाध्ये. त्यांच्या घरी नामावळ्या असतात, गावावार आणि आडनावावार लावलेल्या लांबट वह्या. कुणाचे पणजोबा कधी आले, सोबत कोण होतं, कुणाच्या नावाने पिंड दिला, हे त्यात लिहिलेलं असतं. जुनी पानं मोडीत, खाली आलेल्याची सही. गाव आणि आडनाव जुळलं की कधीही न पाहिलेल्या पणजोबांचं अक्षर समोर येतं. तुम्ही गाव पाहायला आलात, आणि गावाने तुमच्या घराण्याला आधीच पाहून ठेवलंय. आपल्यामागे किती माणसं या पायऱ्या उतरली असतील, याचा क्षणभर विचार करा.

आता उठू या. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती दोन्ही बाजूंनी पाहून घ्या. पावसाळ्यात नदीचं पाणी किती चढलं हे नाशिककर त्याच्यावरून सांगतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. पलीकडे 1747 मधलं नारोशंकराचं देऊळ, आणि त्याच्या दर्शनी बाजूला टांगलेली ती मोठी घंटा, मराठ्यांच्या वसईच्या विजयाची खूण. पाण्याचं म्हणाल तर, 1969 चा पूर ज्यांनी पाहिला त्यांच्या बोलण्यात आजही तो येतो. 2008 मध्ये पुन्हा पाणी सराफ बाजारात शिरलं. मारुतीच्या छातीला पाणी लागलं की सोबत्याच्या लहानपणी घरातली माणसं काय काय माडीवर चढवत असतील? आपल्या घरात पाणी आलं तर आपण आधी काय उचलू? उत्तर प्रामाणिकपणे द्या, मगच पुढे चला.

सराफ बाजार, भांडी बाजार, तांबट लेन. गल्ली अरुंद होत जाते, चढ लागतो. जुनं नाशिक टेकड्यांवर वसलंय, हे नकाशापेक्षा पोटऱ्यांना आधी कळतं. तिवंध्याच्या चौकात सोबती थांबतो आणि पायाखालची जमीन दाखवतो. काही दिसत नाही. वरून रोज दुचाक्या जातात. पण खाली रहाड आहे, पेशवेकालीन दगडी हौद, लाकडी ओंडके टाकून मातीखाली बुजवलेला. वर्षभर तो झाकलेला असतो. रंगपंचमीला तो उघडतात, पूजा करतात, रंगाचं पाणी भरतात आणि माणसं त्यात धप्पा मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मान ठरलेला. कोणत्या चौकात ती आहे हे परक्या माणसाला कळायचं नाही. एखाद्या वस्तीतलं पाहण्यासारखं पुष्कळसं आपण गेलो त्या दिवशी बंदच असतं. ते बंद आहे म्हणून नाहीच, असं समजू नये. आपल्या घरातल्या माणसांच्या बाबतीतही हे किती वेळा विसरतो, यावर थोडा वेळ घालवा.

पुढे एक वाडा. दिंडी दरवाजा अर्धा उघडा. आत चौक, कोरीव खांब, दोरीवर वाळणारं लुगडं. हात आपोआप फोनकडे जातो. सोबती मान हलवतो. त्या दोरीमागे कुणाची तरी सकाळ चालली आहे.

इथे जरा जपानात जाऊन येऊ. क्योटो शहरातला गिओन हा भागही एका देवस्थानामुळेच वसला. यासाका देवळाच्या यात्रेकरूंना चहापाणी देणारी घरं उभी राहिली, त्यांतून पुढे गेशांची वस्ती झाली. गाणं, नाच, वादन यांत वर्षानुवर्षं तयार झालेल्या या कलावंत स्त्रिया. पण त्या संध्याकाळी कामावर निघाल्या की पर्यटक फोटोसाठी त्यांच्या मागे धावू लागले. 2019 मध्ये तिथल्या रहिवाशांनी खासगी गल्ल्यांत फोटो काढल्यास 10,000 येन दंडाच्या पाट्या लावल्या. 2024 मध्ये त्यांतल्या काही गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या. आपली वाट आपल्याला निवांत चालता यावी, एवढंच त्या बायकांचं मागणं.

जिला सगळे पाहतात आणि घरात कुणी घेत नाही, अशी कलावंत स्त्री आपल्याकडे होती. त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती हवी होती. ते कलावंतिणींच्या वस्तीतही गेले. तिथूनही नकार आला. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाने तारामती केली. 1913 च्या त्या चित्रपटानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड नाशकाला हलवलं, आणि पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. आई पार्वती झाली, मुलगी मोहिनी. नाटक-सिनेमातली बाई चांगल्या घरांना चालत नसे तो हा काळ. कुणाची कला आवडली आणि ती करणारं माणूस मात्र दाराबाहेर ठेवलं, असं आपल्या हातून कधी झालंय का? मनातल्या मनात आठवून पाहा.

शेवटचा थांबा पंचवटीत, काळाराम मंदिराशी. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकात बांधलेलं काळ्या दगडाचं हे देऊळ, चार दिशांना चार दरवाजे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो दलितांचा मोर्चा मंदिरप्रवेशासाठी इथे आला. दादासाहेब गायकवाड सत्याग्रहाची आघाडी सांभाळत होते. दरवाजे लावून घेतले गेले. सत्याग्रही चारही दरवाजांसमोर बसले. सत्याग्रह चालला सुमारे पाच वर्षं. दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही.

इथे घाई करू नका. रामकुंडावरचा प्रश्न आता पुन्हा ऐका: 'कुठले तुम्ही? आडनाव काय?' त्याच प्रश्नाने एकाला पणजोबांची सही सापडली आणि त्याच प्रश्नाने दुसऱ्याला देवळाबाहेर ठेवलं. दारही दोन कारणांनी लागतं. वाड्याचं दार लागतं ते आतल्या माणसाला मोकळं जगता यावं म्हणून, तिथे पाहुण्याने आदबीने मागे व्हावं. काळारामाचं दार लागलं ते बाहेरच्याला त्याची पायरी दाखवण्यासाठी, तिथे मागे न होणारेच बरोबर होते. बंद दारांतला हा फरक ज्याला कळला, त्याला जुनी वस्ती कळली असं मी म्हणेन.

येत्या सिंहस्थ कुंभमेळ्यात, 2027 साली, तुमच्यापैकी बरेच जण इथे याल. 2003 च्या सिंहस्थात, 27 ऑगस्ट रोजी, याच परिसरातल्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन 39 भाविक गेले. या गल्ल्यांना किती माणसं पेलतात याला मर्यादा आहे. म्हणून जमलं तर पर्वणी टाळून एखाद्या साध्या मंगळवारी, बुधवारी या. इथला कुणी तरी माणूस सोबत घ्या, त्याच्या वेळेचं मोल द्या. फोटो काढण्याआधी विचारा. आणि तुमच्या गावात कुणी परका आला, तर 'कुठले तुम्ही?' जरूर विचारा. मात्र उत्तर काहीही आलं तरी पुढचं वाक्य 'या, बसा' असंच असू द्या.