बालकांचा आडोसा

२१ जानेवारी २०२० रोजी बीदरच्या शाहीन शाळेतील चौथी ते सहावीच्या मुलांनी नागरिकत्वाच्या कायद्यावर एक नाटुकले केले. ते शाळेच्या आवारातच राहिले असते. परंतु कोणी ते फेसबुकवर घातले. मग तक्रार झाली, राजद्रोहाचा गुन्हा नोंदला गेला, आणि मुख्याध्यापिका व एका विद्यार्थिनीची आई यांना अटक झाली. पोलीस वारंवार शाळेत येऊन मुलांना प्रश्न विचारीत राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने त्या चौकशीच्या रीतीबद्दल नापसंती दाखविली. जून २०२३ मध्ये कलबुर्गी खंडपीठाने गुन्हाच रद्द केला. नाटक लोकांना कळले ते फेसबुकमुळे, असेही निकालात म्हटले.

पोलिसांनी जे केले त्याचा जाब त्यांनी द्यावा. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. मुलाचे बोलणे जगापुढे मांडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, आपली नाताळची नाटके आठवा. मेंढपाळ झालेला मुलगा वाक्य विसरतो, मंडळी हसते, बाई पडद्याआडून शब्द सांगतात. ते हसू त्याला बोचत नाही, कारण हसणारे त्याला ओळखतात आणि उद्या विसरूनही जातात. शिकणाऱ्याला चुकण्याची मुभा लागते, व चूक विसरणारी माणसे लागतात. फेसबुकवर हसणारा अनोळखी असतो, आणि तेथली चूक पुसली जात नाही.

कोणी म्हणेल, “आईबापांची संमती असते ना?” २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमतीच आवश्यक मानली आहे. खरे आहे. पण मूल ही आपली मालमत्ता नव्हे. त्याचे कारभारीपण तेवढे आपल्याकडे आहे. कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो.

साधन वाईट नाही. कोरोनाच्या काळात शाळा बंद असता याच फोनवरून कित्येक मुलांपर्यंत धडे पोहोचले. तेव्हा आपण मुलाच्या गरजेसाठी फोन हाती घेतला होता. आज पुष्कळदा तो आपल्या कौतुकासाठी घेतो, आणि त्याची किंमत मुलाने द्यायची असते.

म्हणून चित्र पाठविण्याआधी क्षणभर थांबावे. मुलालाही विचारावे, ते नको म्हणाले तर तेथेच विषय संपवावा. हे मूल वीस वर्षांचे झाल्यावर यासाठी आपले आभार मानील काय? उत्तर देताना मन कचरले, तर फोन खिशात ठेवावा आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवाव्यात.