आईची पावडर

तेराव्या वर्षी एक्स-रेत स्कोलिओसिस निघाला: कणा २८ अंश वाकलेला. डॉक्टरांनी ब्रेस दिला. आईने भर घातली, दुधात कॅल्शियमची पावडर आणि दर रविवारी व्हिटॅमिन डीचं सॅशे. 'तुझ्या वेळी मी नीट खाल्लंच नाही,' ती म्हणायची.

उंची वाढायची थांबली तेव्हा कोन ३१ होता. श्रेय पावडरला मिळालं. (ब्रेसमध्ये उन्हाळे मी काढले, ते सोडा.)

पुढे मी २०१३ साली प्रसिद्ध झालेला अमेरिका-कॅनडातला अभ्यास वाचला. ब्रेस घातलेल्या ७२ टक्के मुलांचा कोन वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकीही ४८ टक्के मुलांचा. म्हणजे त्या जवळपास निम्म्या घरांत पावडर, नवस, बारला लटकणं, काहीही केलं असतं तरी ते 'लागू पडलं' असतं.

आईला हे सांगावं? सांगितलं तर तिची चार वर्षांची सेवा मोडीत निघते. गप्प बसले तर तिचा अपराध खरा ठरतो: पावडरने सावरले असेन, तर तिच्या न खाण्यानेच वाकले असणार. आणि या वयातल्या स्कोलिओसिसचं नेमकं कारण तर डॉक्टरांनाही माहीत नाही.

शेवटी अर्धंच सांगितलं. 'आई, हे तुझ्यामुळे झालं नव्हतं.'

ती ग्लास विसळत होती. म्हणाली, 'मग थांबलं कुणामुळे?'