खेळाडू कोणाला म्हणावे?



आपल्या मराठीत एकमेकांना लागून असलेले दोन शब्द आहेत : खेळाडू आणि खिलाडू. जो खेळतो तो खेळाडू. पण 'त्याची वृत्ती खिलाडू आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला किती धावा काढता येतात किंवा किती लांब उडी मारता येते याचा आपण विचारही करीत नाही. आपण त्याच्या मनाविषयी बोलत असतो. हे दोन शब्द भाषेत जवळ असले, तरी माणसात ते नेहमी एकत्र सापडतातच असे नाही. म्हणून हा प्रश्न विचारावासा वाटतो : खेळात तरबेज असलेला प्रत्येक जण खरा खेळाडू असतो का?

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कौशल्याला कमी लेखण्याचे काही कारण नाही. ते अर्धे देवाचे देणे असते आणि अर्धे घामाचे. पहाटे उठून धावणारी मुलगी आणि रोज शंभर जोर मारणारा मुलगा कौतुकालाच पात्र आहेत. जो हसतमुख आहे पण जिंकण्यासाठी जीव तोडून खेळतच नाही, त्यालाही खरा खेळाडू म्हणता येणार नाही. समोरच्याशी अर्ध्या मनाने खेळणे हा त्याचा एक प्रकारे अपमानच आहे. तेव्हा कौशल्य हवे, जिद्द हवी. प्रश्न एवढाच आहे की तेवढे पुरते का?

अमेरिकेचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याचे उदाहरण घ्या. कर्करोगातून उठून त्याने १९९९ ते २००५ या काळात 'टूर दी फ्रान्स' ही जगातील अत्यंत कठीण सायकल शर्यत लागोपाठ सात वेळा जिंकली. साऱ्या जगाने त्याला डोक्यावर घेतले. पुढे त्याने बंदी असलेली औषधे घेतल्याचे सिद्ध झाले. २०१२ साली त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि २०१३ साली त्याने स्वतः टीव्हीवर कबुली दिली. आता विचार करा. डोंगर चढताना त्याने सोसलेल्या वेदना खोट्या नव्हत्या. सरावाची वर्षे खोटी नव्हती. कौशल्यही होते. मग काय नव्हते?

खेळ म्हणजे मुळात एकमेकांना दिलेला शब्द असतो. 'आपण दोघेही याच नियमांनी खेळू, मग बघू कोण सरस ठरतो' असा तो करार. हा करार आहे म्हणूनच जिंकण्याला अर्थ आहे. जो गुपचूप तो शब्द मोडतो, तो त्या क्षणापासून खेळाच्या बाहेर गेलेला असतो. मैदानावर तो दिसतो, टाळ्याही त्याला मिळतात, पण तो खेळत नसतो. खेळाचे सोंग करीत असतो.

यासाठी फ्रान्सपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या कुंभारीत कोणत्याही मोकळ्या जागेवर संध्याकाळी मुले कबड्डी किंवा खो-खो खेळताना दिसतील. तिथे पंच बहुधा नसतोच. खो-खोत पाठीमागून येणाऱ्याचा हात निसटता लागतो. तो लागला की नाही, हे बघणाऱ्यांना सांगता येत नाही. पळणाऱ्याला मात्र नक्की माहीत असते. कबड्डीत चढाईला गेलेल्याचा दम मध्येच तुटला, तर तेही सर्वांत आधी त्यालाच कळते. अशा वेळी कोणी न विचारता 'लागला' म्हणून बाजूला होणारा मुलगा आणि 'कुठं लागला? दाखव!' म्हणून भांडणारा मुलगा, दोघेही सारखेच चपळ असतील. पण त्यांच्यातला फरक त्यांच्याबरोबर खेळणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असतो.

हीच गोष्ट एकदा फार मोठ्या मैदानावर घडली. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर भारत आणि इंग्लंड यांच्यात कसोटी सामना झाला. भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा तो सामना होता. इंग्लंडचे ५ गडी ५८ धावांत गेले होते. त्यानंतर यष्टिरक्षक बॉब टेलर झेलबाद असल्याचा निर्णय पंचांनी दिला. भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ जवळच स्लिपमध्ये उभे होते. चेंडू बॅटला लागलेला नाही अशी त्यांची खात्री होती. त्यांनी पंचांना विनंती करून टेलरला परत बोलावले. त्यानंतर टेलर आणि इयान बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत तो सामना १० गडी राखून हरला.

येथे कोणी म्हणेल, 'कर्णधाराला असा उदारपणा करण्याचा अधिकार काय? विकेट त्याच्या एकट्याची नव्हती. अकरा जणांच्या मेहनतीवर त्याने पाणी सोडले.' हा आक्षेप हलका नाही. पंचांच्या चुका कधी आपल्या बाजूने होतात, कधी विरुद्ध होतात, तेव्हा त्यांचा निर्णय मुकाट्याने मान्य करावा असे म्हणणाराही अप्रामाणिक ठरत नाही. पण विश्वनाथांची अडचण वेगळी होती. सत्य काय आहे हे त्यांना माहीत होते. मेहनतीने मिळवलेले संघाला मिळालेच पाहिजे, पण ती विकेट मेहनतीने मिळालेली नव्हती. चुकून हातात आलेली होती. दुकानदाराने चुकून जास्त परत केलेले पैसे घरातील सर्वांच्या उपयोगी पडतील म्हणून ते आपले होत नाहीत. विश्वनाथांना जिंकायचे नव्हते असे नाही. त्यांना खोट्या रीतीने जिंकायचे नव्हते. सामना हातचा गेला, पण चाळीसहून अधिक वर्षांनंतरही त्या सामन्याची आठवण निघते तेव्हा बोथमच्या शतकाबरोबर विश्वनाथांच्या त्या विनंतीचे नाव घेतले जाते.

आता आणखी एक प्रसंग पाहू. तो आपल्या ख्रिस्ती समाजाच्या जवळचा आहे. सांगलीच्या एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाचे पुत्र विजय हजारे पुढे भारताचे कर्णधार झाले. १९५२ साली मद्रासला भारताने आपला पहिलावहिला कसोटी विजय मिळवला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. आपल्या सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर यांनी त्याच सामन्यात नाबाद १३० धावा केल्या होत्या. पण त्याच्याही आधी, डिसेंबर १९४३ मध्ये, मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. त्या काळी संघ धर्मांनुसार असत आणि हजारे इतर समाजांच्या 'रेस्ट' या संघाकडून खेळत. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांतील ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या होत्या!

हा विक्रम पुष्कळांना माहीत आहे. पण त्या डावात दुसऱ्या टोकाला कोण उभे होते? त्यांचा भाऊ विवेक. दोघांनी मिळून ३०० धावांची भागीदारी केली आणि तिच्यात विवेकच्या धावा होत्या फक्त २१. टाळ्या एकाला पडत होत्या. दुसऱ्याचे काम होते बाद न होणे, भावाला खेळू देणे. सामना जवळजवळ हातातून गेलेलाच होता आणि शेवटी रेस्ट एक डाव व ६१ धावांनी हरलाच. तरीही त्या एकवीस धावांना लहान कोण म्हणेल? खरा खेळाडू होण्यासाठी असामान्य प्रतिभा लागते असे नाही, हे विवेक हजाऱ्यांकडून शिकावे. प्रतिभा थोड्यांना मिळते. टोक धरून उभे राहणे कोणालाही जमू शकते.

आता आपल्या घरांकडे वळू. कुंभारीच्या माळावर २००६ साली विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पुढे रे नगरची घरे झाली आणि २०२४ मध्ये त्यांतील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या कामगारांच्या हाती आल्या. हजारावर विड्या वळून दिवसाची मजुरी मिळवणाऱ्या आईला वाटते की मुलाने खेळात नाव काढावे. त्यात गैर काय? शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. गरीब घरासाठी पदक ही नुसती शोभेची वस्तू नसते.

पण मोह नेमका इथेच येतो. 'वयाच्या दाखल्यात दोन वर्षे कमी दाखवा, चौदा वर्षांखालील संघात बसेल' असे सांगणारे भेटतात. राज्यात खोटी क्रीडा प्रमाणपत्रे दाखवून सरकारी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणेही उघडकीस आली आहेत. आपल्या परिस्थितीकडे बघून मन म्हणते, एवढ्याने कोणाचे काय बिघडते? बिघडते. ज्याची जागा जाते तोही कोणातरी गरीब आईचाच मुलगा असतो. आणि आपला मुलगा? त्याला आपण खेळ शिकवायला पाठवले होते, आणि शब्द मोडायला त्याला घरातच शिकवले जाते. त्याच्या अंगातील चपळाई तशीच राहते, पण आपण खरे किती पाण्यात आहोत हे त्याला कधीच कळत नाही. लहान मुलांना हरवून मिळवलेले पदक त्याला काय सांगणार?

ज्या करिंथ शहराजवळ प्राचीन काळी मोठे क्रीडासामने भरत, तेथील भाविकांना पहिले पत्र लिहिताना संत पौलाने नवव्या अध्यायात धावपटूचा दाखला दिला आहे. बक्षिसाविषयी तो बोलतोच, पण धावपटूच्या संयमाविषयीही बोलतो, आणि शेवटी स्वतःविषयी एक भीती व्यक्त करतो : इतरांना उपदेश करून आपणच अपात्र ठरू नये. शर्यत पूर्ण करूनही अपात्र ठरता येते, हे त्याने ओळखले होते.

म्हणून आई-वडिलांना आणि शिक्षकांना एक विनंती. मूल मैदानावरून घरी आले की 'जिंकलास का?' असे अवश्य विचारा. जिंकला असेल तर त्याच्या आवडीचे काहीतरी करून घाला. हरला असेल तर पाठीवर हात ठेवा. पण त्याबरोबर कधीतरी हेही विचारा : 'बाळा, आज हात लागला तेव्हा तू स्वतःहून सांगितलंस का?' तो 'हो' म्हणाला आणि त्यामुळेच त्याचा संघ हरला असेल, तर त्या दिवशीही घरात गोडधोड व्हायला हरकत नाही.