छायाचित्राची तिथि

छायाचित्र हा काळाचा साक्षीदार, असें आपण सहज म्हणतों. पण त्याच्या तोंडीं साक्ष कोणीं घातली, हें क्वचितच विचारतों. डिजिटल छायाचित्राच्या पोटांत 'एक्सिफ' नांवाची एक टिपणवही दडलेली असते. जपानांत १९९५ सालीं सिद्ध झालेल्या या पद्धतींत ३६८६७ क्रमांकाच्या खणांत चित्र मुळांत केव्हां टिपलें तें, आणि ३६८६८ च्या खणांत तें अंकरूप केव्हां झालें तें लिहावयाचें असतें. पायथन भाषेंतील 'पिलो' किंवा 'पिएक्सिफ' या साधनांनीं हे खण वाचणें व पुन्हां भरणें हें चार ओळींचें काम आहे. नीतीची अडचण उभी राहते ती येथेंच.

नगरच्या एखाद्या जुन्या वाड्यांतील ट्रंक उघडावी. (अहमदनगर म्हणावें कीं २०२४ पासूनचें अहिल्यानगर, हाहि तिथीचाच प्रश्न होय!) फोटोच्या मागें कांहीं लिहिलेलें नसतें. नव्वदीची आजी म्हणते, "नेहरू किल्ल्यांत होते ना, तेव्हांचा." म्हणजे ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ यांमधला. हें खरें ज्ञान आहे. मात्र तें अडीच वर्षांहून अधिक रुंद आहे. संगणकास तर सेकंदापर्यंत हिशेब हवा. तेव्हां नातू '१ जानेवारी १९४४, मध्यरात्र' असें भरून मोकळा होतो. चित्रांत अंगणभर ऊन पडलेलें असतें, ही गोष्ट निराळी! त्याचा हेतु निष्कपट आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु पुढें वाचणारास अनुमान कोणतें व दाखला कोणता, हें कसें कळावें?

शिवजन्माचें साल पूर्वीं १६२७ धरीत. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि १६३० ची तिथि पुढें आली. तो वाद होऊं शकला, कारण प्रत्येक तिथीमागचा कागद दाखवितां येत होता. एक्सिफच्या खणांत नुसता आंकडा दिसतो. तो कोणाच्या सांगण्यावरून आला, तें दिसत नाहीं.

खण कोरा ठेवावा, असें कोणी म्हणेल. त्या पद्धतीच्या कर्त्यांनीं तिथि अज्ञात असल्यास आंकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवण्याची मुभा दिलीहि आहे. पण मग कित्येक यंत्रें फाईल बनल्याचा दिवसच तिथि म्हणून दाखवितात, आणि आजीचें बालपण गेल्या आठवड्यांतील बारशाशेजारीं जाऊन बसतें! हेंहि असत्यच. म्हणून क्रमासाठीं अंदाजाची तिथि घालावयास आमची हरकत नाहीं. मात्र टीपेच्या खणांत 'आजीच्या सांगण्यावरून, १९४२ ते १९४५' एवढें अवश्य लिहावें, आणि मूळ प्रत हात न लावतां निराळी ठेवावी. खण एकदां नव्यानें भरला, कीं त्यांतील पूर्वीचें लिखाण मागें उरत नाहीं.