पेव, तार आणि बोंडअळी

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात वसलेल्या सोनाळ्याच्या उत्तरेला अंबाबरवा अभयारण्याचे, म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्याच एका भागाचे, डोंगर आहेत आणि दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारी काळी, कपाशीची जमीन आहे. जंगल आणि पऱ्हाटीचे शिवार या दोन्हींना शास्त्राच्या भाषेत ‘जटिल प्रणाली’ म्हणता येते, कारण दोन्हींत असंख्य घटक केवळ आपल्या शेजाऱ्यांना प्रतिसाद देत असतात, वरून हुकूम देणारे कोणीही नसते आणि तरीही संपूर्ण समूहाची म्हणून एक वागणूक दिसते. हुकूम नसताना ही वागणूक येते कोठून, या प्रश्नाचा माग घेताना अभ्यासकांना माहितीकडे वळावे लागले.

माहितीला मोजता येणारी राशी करण्याचे श्रेय क्लॉड शॅनन यांच्या 1948 च्या निबंधाला जाते. एखादा संदेश ऐकणाऱ्याची अनिश्चितता जितकी कमी करतो तितकी माहिती त्यात असते. छापा की काटा हे कळल्याने जेवढी अनिश्चितता मिटते ती ‘बिट’. पुढे 2000 मध्ये थॉमस श्रायबर यांनी ‘ट्रान्सफर एन्ट्रॉपी’ हे माप मांडले, ज्यामुळे माहितीची साठवण आणि तिचे वहन यांत नेमका फरक करता येऊ लागला. एखाद्या घटकाची पुढची अवस्था त्याच्या स्वतःच्या भूतकाळावरून जितकी ओळखता येते तितकी त्याच्यात साठवण आहे. तो भूतकाळ जमेस धरल्यानंतरही दुसऱ्या घटकाच्या भूतकाळाने त्या अंदाजात जी भर पडते ते वहन. आणि साठलेले व वाहत आलेले एकत्र येऊन जे एकट्या कोणत्याही स्रोतात नव्हते असे काही निर्माण होते ती प्रक्रिया.

जंगलात या तिन्ही गोष्टी कानाने ऐकता येतात. झाडावरच्या वानराला दूरचे दिसते, खाली चरणाऱ्या चितळाला वास लवकर येतो, आणि वानरांनी पाडलेला पाला खाण्यासाठी चितळांचे कळप त्यांच्या झाडांखाली रेंगाळत असल्यामुळे एकाचे डोळे व दुसऱ्याचे नाक यांची सांगड बसते. वानराचा खॉक आवाज उठला की चितळ मान वर करते, हे वहन. पण चितळ किरकोळ कारणानेही ओरडते, तर सांबर सहसा शिकारी दिसल्याखेरीज आवाज देत नाही, आणि कोणत्या आवाजावर किती भरवसा ठेवायचा हे वर्षानुवर्षे जंगलात वावरलेल्या वाटाड्याच्या स्मृतीत असते. एका बिटाची हाक साठवणीवर येऊन आदळते तेव्हाच ‘वाघ नाल्याकडे उतरतो आहे’ असा निष्कर्ष निघतो. नवख्या माणसालाही तोच आवाज तितकाच स्पष्ट ऐकू येतो, परंतु त्याच्यासाठी तो केवळ आवाज राहतो.

पायथ्याखालच्या कपाशीच्या इतिहासात वहन आणि साठवण यांचे नेमके हेच नाते बिघडले. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, 1861 ते 1865 या अमेरिकेतील यादवीच्या काळात तिकडच्या कापसाची आवक तुटल्याने लँकेशायरच्या गिरण्यांची नजर या जमिनीकडे वळली, आणि 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेल्या रेल्वेला 1870 मध्ये जलंबहून खामगावचा फाटा जोडला गेला, ज्याचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केले. त्याच वर्षी समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई ब्रिटनशी जोडली गेली. पूर्वी जहाजाने आठवड्यांनी येणारा लिव्हरपूलचा भाव आता फार थोड्या वेळात खामगावच्या व्यापाऱ्यांपर्यंत येऊ लागला. भाव हा विखुरलेल्या ज्ञानाचा संक्षेप असतो आणि कोणाही एकाला सगळे ठाऊक नसताना तो सर्वांना दिशा देतो, हा फ्रीडरिश हायेक यांनी 1945 मध्ये मांडलेला विचार या तारेला चपखल लागू पडतो. परंतु कोणताही संक्षेप काही वगळूनच होतो. भावात केवळ पैसे मोजू शकणाऱ्याची गरज उमटते. ज्याच्या हातात पैसा नाही त्याची भूक त्या आकड्यात शिरतच नाही.

या शिवाराची जुनी साठवण पेवांत होती. जमिनीत खणलेल्या, कडेने गवत व कडबा लावून तोंड बुजवलेल्या त्या खड्ड्यांत सुकाळाची ज्वारी पुढच्या अवघड सालांसाठी ठेवली जाई. पेव हे धान्याचे कोठार होतेच, पण पाऊस केव्हातरी दगा देणार ही अनेक पिढ्यांची नोंदही त्यातच होती, आणि ती नोंद कागदावर नसून धान्याच्या राशीत असल्यामुळे वेळ येताच ती थेट ताटात वाढता येत होती. कपाशीचा विस्तार, पैशाच्या रूपात द्यावा लागणारा सारा आणि धान्य बाहेर नेणारी रेल्वे यांनी या साठवणीचा पाया पोखरला. लक्ष्मण सत्य यांच्यासारख्या इतिहासकारांनी वऱ्हाडातील कपाशी आणि दुष्काळ यांचा जो संबंध उलगडून दाखवला आहे, तो या दृष्टीने वाचला तर 1899-1900 च्या दुष्काळाची भीषणता अधिक कळते: वहन पूर्वी कधी नव्हते इतके वेगवान होते, रेल्वे आणि तार दाराशी होती, आणि तरीही माणसे अन्नावाचून मेली. ज्या व्यवस्थेने संदेश वाहण्यावर इतका खर्च केला, तिने पेवांच्या जागी तितकेच भरवशाचे काही उभे केले नाही, ही चूक अनवधानाची म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आणखी एक साठवण घरात टिकून होती, ती बियाण्याची. देशी कपाशीची सरकी राखून पुढच्या हंगामात पेरता येत असे. संकरित वाणांनी ती सवय मोडली आणि 2002 मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीनंतर बियाणे दर वर्षी पाकिटातून येऊ लागले. याच शिवारात दुसरी एक प्रणाली मात्र आपली स्मृती वाढवत होती. बीटी झाडातले विषारी प्रथिन खाऊन बहुतेक अळ्या मरत, तुरळक प्रतिकारक अळ्या वाचत, त्यांची पिल्ले वाढत, आणि शेतात काय घडते आहे याची माहिती पिढीगणिक गुलाबी बोंडअळीच्या जनुकांत लिहिली जात होती. हिरवी बोंडअळी तूर आणि हरभऱ्यावरही जगते, त्यामुळे विषाशी गाठ न पडलेले तिचे पतंग सतत मिसळत राहिले. गुलाबी अळीचे पोट जवळजवळ कपाशीवरच अवलंबून असल्याने तिला अशी मोकळी जागा उरली नाही. म्हणून तर बीटी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगरबीटी बियाण्याचे 120 ग्रॅमचे वेगळे पाकीट दिले जाई: त्या झाडांवर वाढलेल्या साध्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर व्हावा आणि त्यांची संतती पुन्हा विषाला बळी पडावी, हा त्यामागचा हिशेब. पुष्कळ शेतांत ते पाकीट पेरलेच गेले नाही. त्यासाठी शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण काठाच्या ओळींत जाणीवपूर्वक अळी पोसण्याचे कारण त्याला समजेल अशा भाषेत किती वेळा सांगितले गेले, हा प्रश्न अगोदर विचारला पाहिजे. त्यात जास्तीच्या वेचणीसाठी हंगामानंतरही उभ्या ठेवलेल्या फरदडीने अळीला वर्षभराचे अन्न दिले, आणि 2017 मध्ये महाराष्ट्रभर बोंडे आतून पोखरलेली निघाली.

थंडीत ही अळी सरकीत, किडक्या बोंडांत आणि सरपणासाठी रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांत सुप्तावस्थेत पडून राहते. गावकुसाशेजारचा तो ढीग तिचे पेवच असतो. तिला ओळखण्याचा मार्ग पुन्हा हाक ऐकण्याचाच आहे. मादीच्या गंधाची नक्कल असलेली वडी लावलेले कामगंध सापळे शेतात टांगले जातात, नर पतंग त्यांत अडकतात आणि सकाळी ते मोजायचे असतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक पतंग आले तर उपाय योजावा, असे कृषी खाते सांगते. एका रात्रीच्या आठाला फारसा अर्थ नसतो. पतंगाला मात्र धुऱ्याची ओळख नसल्याने हा आकडा एकट्या शेतात राहून पुरत नाही. तो शेजारच्या शेतातल्या आकड्याशेजारी, आणि गेल्या हंगामात याच सुमारास वहीत उतरवून ठेवलेल्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा लागतो.